चिल्लर मागण्या

आज संध्याकाळी बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका व्याख्यानाला गेले होते. घरी येऊन जेवणे उरकली तरी राग उतरलेला नाही. हुकूमशाहीविरुद्धच्या चळवळीचे उद्दिष्ट एकच, सत्ताधीशाला खाली खेचणे, बाकीच्या मागण्या म्हणजे चिल्लर, असे वक्ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत लोकशाहीवर मनापासून प्रेम करणारी माझ्या ओळखीची माणसे होती, म्हणून जास्त लागले.

मार्च १९७६ मध्ये बाबूभाई पटेलांचे काँग्रेसविरोधी सरकार पडेपर्यंत आणीबाणीतही गुजरातला थोडा श्वास घेता येत होता. ते गेले आणि पुढे माझ्या काकांना मिसाखाली, म्हणजे विनाखटला कोठडीत डांबणाऱ्या कायद्याखाली, उचलले. काकू भेटीच्या परवानगीसाठी कचेरीत जाई, तेव्हा तिथल्या बाकावर तिच्यासारख्याच बायका मांडीवर डबे घेऊन ताटकळत बसलेल्या असत. 'आणीबाणी हटवा' असा फलक घेऊन बसा, असा आग्रह तरुण कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा ती म्हणाली, "अरे, फलकाबरोबर आम्हालाही उचलतील. आधी प्रत्येक घराला महिन्यातून एक भेट मिळू दे." ही चिल्लर?

१९८० च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातील कामगारांनी फाटकावर २१ मागण्या टांगल्या. त्यांत मुक्त निवडणुकांची मागणी नव्हती. मांसाचा पुरवठा होता, बाळंतपणाची रजा होती, सर्व धर्मपंथांना प्रसारमाध्यमे खुली करण्याचीही मागणी होती. परंतु पहिली मागणी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षापासून स्वतंत्र अशा कामगार संघटनेची होती आणि सारी मेख तिच्यातच होती, कारण ती मान्य होताच लोकांच्या हाती 'सॉलिडॅरिटी' ही स्वतःची संघटना आली. पुढे लष्करी कायदा आला, संघटनेवर बंदी आली, तरी ती विझली नाही, आणि जून १९८९ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहातील फक्त ३५ टक्के जागा खुल्या असताना तिने त्या सगळ्या जिंकल्या.

काकूच्या बायकांनाही भेटी मिळाल्या, उशिरा, पण मिळाल्या. त्याहून मोठी कमाई म्हणजे तिच्या वाणसामानाच्या वहीची शेवटची पाने, ज्यांवर त्या साऱ्या घरांचे पत्ते होते. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली तेव्हा प्रचाराला कोणाच्या दारी जायचे, हे रावपुऱ्यातल्या कोणत्याही पुढाऱ्याआधी काकूला ठाऊक होते.

वक्त्यांनी गुजरातेतल्या १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनाचा दाखला दिला. तो लढा हुकूमशाहीविरुद्ध नव्हता, हे सोडून देऊ. पण १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागलेले चिमणभाई पटेल १९९० मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, हे त्यांनी का सांगितले नाही? इजिप्तमध्ये ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक गेले, त्या रात्री कैरोत आनंदाला उधाण आले, आणि सत्ता गेली लष्करी मंडळाकडे. 'हटवा' एवढेच ठरले होते. रिकाम्या खुर्चीवर कोण, कोणत्या नियमाने बसणार, हे ठरले नव्हते.

छोट्या सवलती देऊन राजवटी लोकांना झुलवतात, हे मलाही मान्य आहे. जिथे थेट गोळ्याच घातल्या जातात तिथे काकूचा मार्ग चालेलच, असेही मी म्हणत नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. वक्त्यांची तळमळ खोटी नव्हती. तरीही म्यानमारकडे पाहावे असे मला त्यांना सुचवायचे आहे. तिथल्या लोकांनी १९९० ची निवडणूक जिंकली, सत्ता मिळाली नाही. २०१५ ची जिंकली, सरकारही आले, पण २००८ च्या घटनेने संसदेतील एक चतुर्थांश जागा लष्कराला राखून ठेवल्या होत्या आणि घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांशांहून अधिक मते लागत असल्याने लष्कराच्या मर्जीविना त्यातले काही बदलणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथली तरुण मुले ती घटनाच नको म्हणत आहेत. केवळ सेनापती बदलून त्यांचे समाधान होणार नाही, आणि एवढे नेमके उद्दिष्ट त्यांनी केवढी किंमत मोजून शोधले आहे, हे आज टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मित्रांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.