बायोडाट्यातली रंगाची ओळ

बसस्टॉपजवळच्या ओट्यावर वाद पेटला तो गुरुजींच्या मोबाइलवर आलेल्या लग्नाच्या एका बायोडाट्यावरून. उंची, शिक्षण, शेती किती एकर आणि मधेच 'वर्ण: निमगोरा'.

"निमगोरा म्हंजे नेमका किती, गुरुजी?" पार्लरवाल्या ताईंनी विचारलं. "पोराच्या बायोडाट्यात सावळा लिहिलं तं चालते. पोरीच्या लिहिलं का पुढचा फोनच येत नाई."

"लोक इचारते म्हणून लिहिते. रंग काई कोनी मोजत नाई."

"मोजाचाच असन तं दंडाची आतली बाजू पाहा," आशाताई म्हणाल्या. "तिथं ऊन लागत नाई, तो तिचा रंग. उन्हानं काळवंडलेलं तोंड लई तं तितलं उजळन, त्याच्या पुढं नाई. गोरी असो का सावळी, रंग बनवनाऱ्या पेशी दोघीच्याबी कातडीत जवळपास सारख्याच. मेलॅनिन किती बनते अन् कसं पसरते, एवढाच फरक."

"मंग आठ-पंधरा दिसात पोट्टी उजळते ते काय असते?"

"स्टेरॉइड," मेडिकलवाले भाऊ म्हणाले. "ज्याले 'नाइट क्रीम' म्हणते, त्या ट्यूबीत कितीकदा हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के अन् मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड 0.1 टक्के असते. हे वांगाचं, म्हंजे तोंडावरल्या काळ्या डागाचं औषध. डॉक्टर थोडे आठवडे देते, रातच्याले, डागापुरतं. पोट्ट्या सहा-सहा महिने तोंडभर चोपडते अन् सकाळी उन्हात कापूस वेचाले जाते. 2018 पासून अशे 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमधी हायेत. चिठ्ठीबिगर देता येत नाई."

"अन् गल्ल्यावरून देते कोन?"

भाऊंनी खर्रा घोटायला घेतला.

भाऊंनी टाळलं ते आशाताईंनी पुढे नेलं. स्टेरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून सुरुवातीला चेहरा फिका आणि गुळगुळीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं उमटतं, मुरमं येतात, हनुवटीवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केली की तोंड लालबुंद होतं, आग होते, पुरळ उठतं आणि हे महिनोन्‌महिने चालू शकतं. "पोरीले वाटते, क्रीम सोडली का हाच आपला खरा चेहरा. मंग ते पुन्हा ट्यूब घेते. रंगावरून घरचे बोलते ते येगळं, पन इथं तं आरसाच तिले खोटं सांगते."

या मुद्द्यावर ओटा गप्प झाला. सावळ्या पोरीला 'स्वतःवर प्रेम कर' म्हणून मोकळं होणं सोपं, पण हे चक्र माहीत नसेल तर तो सल्ला कुचकामी, असं माझं मत.

"सोडाची कशी मंग?" ताईंनी विचारलं.

"आपल्या मनानं नाई," आशाताई म्हणाल्या. "लई महिने लावली असन तं मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात ट्यूब संगं घेऊन जायचं. काईले हळूहळू कमी करून देते. तोवर साधं मॉइश्चरायझर. ब्लीच नाई, स्क्रब नाई, लिंबू-सोडा त बिलकुल नाई. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं का चट्टे पडते."

"सनस्क्रीन?"

"एसपीएफ 30, तोंड-मानेले दोन बोटं भरून."

"दिवसातून दोनदा लावली तं 50 ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते," ताईंनी हिशेब मांडला. "वेचनीच्या मजुरीत बसते का?" बसत नाही. म्हणून दुपट्टा आणि सकाळी लवकर वेचणी, यावर एकमत झालं.

लेबल नसलेल्या डब्यांचं प्रकरण यापेक्षा वाईट. त्यात पारा असू शकतो. आपल्याकडे नियमाप्रमाणे क्रीममध्ये पारा मिसळता येत नाही, नकळत आलेला 1 पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत एक भाग) चालतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना अशाच क्रीमने इजा झाल्याची बातमी होती, क्रीम पार्लरमधून घेतलेली. (ताईंनी इथे पदर सावरला.) भाऊंची खूण कामाची आहे: डबीवर सोनं-चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका असं लिहिलं असेल तर पाऱ्याचा संशय घ्यायचा. लघवीला फेस येत असेल, पायावर सूज असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं.

"अन् काई पोट्ट्या गोऱ्या नाई, पांढऱ्या पडल्या असते," आशाताई म्हणाल्या. "हिमोग्लोबिन 12 च्या खाली. घरचे म्हणते, बाई उजळली!"

गुरुजी कंपन्यांवर घसरले. 1975 ला बाजारात आलेल्या त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' 2020 मध्ये जाऊन 'ग्लो' आलं, म्हणाले, पण माल तोच.

"कंपनीनं नाव तरी बदललं. तुमच्या मोबाइलातली ओळ?"

"पीडीएफ हाय ते. खोडता येत नाई."

"फोटो काढा अन् तेवढी ओळ कापून पाठवा."

गुरुजींनी चष्मा लावला आणि फोटो कापायचं बटण कुठं असतं ते भाऊंना विचारू लागले.