पाण्याचा ठोक दर ठरवायला बसताय? आधी एसी चालू करा

समजा उद्या सकाळी तुम्हाला फोन आला की यंदा पावसाने दगा दिलाय, धरणात खडखडाट आहे आणि ठोक पाण्याचे, म्हणजे धरणातून शेतीला, शहरांना आणि उद्योगांना एकगठ्ठा द्यायच्या पाण्याचे, दर आणि मागणीचं नियोजन आता तुम्हीच बघायचं. घाबरू नका. मी गेली काही वर्षं सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं खातं सांभाळतोय आणि माझं आजोळ मराठवाड्यात आहे, म्हणजे दोन्हीकडून होरपळलेला माणूस सल्ला देतोय, तेव्हा ऐका.

पहिलं म्हणजे दुष्काळाला लगेच दुष्काळ म्हणायचं नाही. टंचाई म्हणायचं, मग टंचाईसदृश, मग दुष्काळसदृश, असं एकेक पायरीने चढायचं. 2018 च्या ऑक्टोबरात आधी 180 तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि आठवड्याभरात 151 तालुक्यांत खराखुरा दुष्काळ. उरलेल्या 29 तालुक्यांत तो नुसता सदृशच राहिला, म्हणजे नवरदेवासारखा दिसणारा माणूस बोहल्यावर उभा केला, अक्षता टाकल्या, आणि मग सांगितलं की हा तो नव्हे.

एकदा जाहीर झाला की सवलती द्यायच्या. जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, आणि शेतीपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट. आता तुम्ही कुठे मागणी व्यवस्थापनाचा कोर्सबिर्स करून आला असाल तर इथे तुमची भुवई वर जाईल, की जमिनीतलं पाणी संपत आलंय म्हणून ते उपसायची वीज स्वस्त करायची हे कसं काय. भुवई खाली घ्या. ज्याचं पीक जळालंय त्याच्या दारात बिल घेऊन तुम्ही जाणार का? मी तर नाही जाणार, त्यात माझा मामा पण आहे. फक्त जळालेल्या पिकाला पंप कशाला लागतो आणि ज्याचा पंप धो धो चालू आहे त्याचं पीक कधी जळालं, हा प्रश्न रात्री झोप येत नसेल तेव्हा मनातल्या मनात विचारायचा, मीटिंगमध्ये नाही.

आता मुख्य काम, दर. त्यासाठी कायदा आहे, 2005 चा, आणि त्याखाली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. देशात अशा प्रकारचं पहिलं, अभिमानाची गोष्ट आहे, चेष्टा नाही करत. पद्धत अशी की धरण बांधायचा खर्च सोडून द्यायचा, फक्त व्यवस्थापन आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च काढायचा आणि तो शेती, घरगुती आणि उद्योग या तिघांत वाटायचा, कोणाला किती झेपेल ते बघून. मग सूचना-हरकती मागवायच्या, सुनावण्या घ्यायच्या, आणि पुढच्या तीन वर्षांचे दर एकदम लावून टाकायचे. दुष्काळ काय तारीख विचारून येतो का? तरी दर धरणातल्या साठ्याशी बांधायचाच नाही, खर्चाशी बांधायचा. धरण काठोकाठ भरलं काय आणि तळातलं जुनं देऊळ वर आलं काय, चौकीदाराचा पगार तेवढाच ना? मग पाण्याचा भाव का बदलावा. ऋतूप्रमाणे थोडं कमीजास्त करायचं, म्हणजे उन्हाळ्याचा मान राहतो.

आणि दर वाढवल्याशिवाय मागणी कमी करायची असेल तर त्याचीही सोय याच कायद्यात आहे. ज्याला दोनपेक्षा जास्त मुलं, त्याला शेतीच्या पाण्याला दीडपट पाणीपट्टी, असं कलम घातलेलं आहे. मी थट्टा करत नाहीये, खरंच आहे. म्हणजे उसाला किती पाणी लागतं हे मोजायला चारीवर, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, माणूस मिळत नाही, पण घरात पोरं किती हे रेशनकार्डावर दिसतं, मग जे दिसतं तेच मोजायचं. शास्त्रशुद्ध आहे.

ऊस निघालाच आहे तर सांगतो, त्याच्यावर कडक व्हायचं, पण कागदावर. त्याच 2005 च्या कायद्यात बारमाही पिकं ठिबक किंवा तुषारवरच घ्यायची असं आहे. मग 2017 साली मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला. बारा वर्षांनी तोच निर्णय परत घ्यायचा म्हणजे त्यात किती मजा येत असेल विचार करा, मला वाटतं अजून दोनदा घेता येईल. आणि पाटाचं पाणी बहुतेक ठिकाणी एकरावर आकारायचं, पाण्यावर नाही. मीटर लावला तर लोक पाणी वाचवतील आणि मग आपण काय करणार? माझा मामा पाणी मागायचा नमुना नंबर सातचा अर्ज भरतो, पाटकऱ्याला चहा पाजतो, आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, आलं की रात्रभर बॅटरी घेऊन चारीवर बसतो, आणि एवढं करून पाणी शेपटाला पोचतच नाही कारण वर मोटरी लावून ठेवल्यात. पण क्षेत्राची नोंद लागते आणि पाणीपट्टी बरोबर येते. पाणी येवो न येवो, पाणीपट्टी हमखास येते, याला म्हणतात वसुलीची खात्री.

शहरांच्या बाबतीत वेगळं धोरण. शहराशी करार करायचा आणि मग शहराने किती उचललं ते दरवर्षी आश्चर्याने बघायचं. पुणं घ्या, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणं मिळून 29.15 टीएमसी, शहराचा करार होता 11.5 टीएमसीचा, आणि शहर किती उचलतं हे विचारायचं नसतं, पुण्यात कुणाला त्याची मतं विचारायची नसतात तसंच हे. (एक टीएमसी म्हणजे साधारण 2832 कोटी लिटर, हे मुद्दाम सांगतो कारण टीएमसीत बोललं की कोणालाच काही कळत नाही आणि हाच टीएमसीचा खरा उपयोग आहे.) खाली हवेली, दौंड, इंदापूरचे शेतकरी कालव्याकडे डोळे लावून बसलेले. मग कालवा सल्लागार समितीची बैठक लावायची, पालकमंत्री अध्यक्ष, शहरवाले म्हणणार कपात नको, शेतकरी म्हणणार आवर्तन द्या, आणि धरणात जे नाही ते दोघांनाही द्यायचं ठरतं. ठरल्यापेक्षा जास्त उचललं म्हणून महापालिकेला वाढीव दराने बिल पाठवायचं, त्यांनी ते अमान्य करायचं, आपण थकबाकीत दाखवायचं. एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात न गेलेले पैसे. नळ उघडणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला त्या बिलाचा पत्ताच नसतो, आणि ज्याला किंमत कळत नाही तो मागणी कमी कशी करेल असलं मला विचारू नका, मी साधा कमिटी मेंबर आहे.

आता जरा हिशेब करू, मला आवडतो. घरगुती वापरासाठी धरणातल्या कच्च्या पाण्याचा ठोक दर हजार लिटरला काही ठिकाणी पैशांत असतो. रुपयांत नाही, पैशांत. आमची सोसायटी शहराच्या ज्या टोकाला आहे तिथे पाइप अजून पोचायचाय, म्हणून आम्ही दहा हजार लिटरचा टँकर दीड हजाराला घेतो, म्हणजे हजार लिटरला दीडशे. मामाच्या गावात मागच्या टंचाईत दोनशे लिटरचं बॅरल साठ रुपयाला होतं, म्हणजे तीनशे. दुकानातली लिटरची बाटली वीस रुपयांच्या आसपास, म्हणजे हजार लिटरला वीस हजारांच्या आसपास. बघा कसं नीट लागत गेलं, धरणाच्या जितके जवळ तितके पैसे आणि नळ जितका लांब तितके रुपये. आणि लोक म्हणतात महाराष्ट्रात पाण्याला टप्प्याटप्प्याचे दर नाहीत.

लातूर विसरलो होतो. 2016 ला मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या नकोत म्हणून जमावबंदी लावली, आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तिचं नाव जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, लोक स्टेशनवर बघायला गेले होते. आणि मे महिन्यात सुमारे 6.2 कोटी लिटर पाण्यासाठी रेल्वेचं वाहतुकीचं चार कोटींच्या आसपास बिल आलं. हजार लिटरला साडेसहाशेच्या घरात पडतं, मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. पुढे त्या बिलावरून गदारोळ झाला ते सोडा, पण पाण्याचा खरा भाव काय असतो हे महाराष्ट्रात त्या एकदाच छापील स्वरूपात दिसलं आणि सगळ्यांना ते अत्यंत अशोभनीय वाटलं. याच जिल्ह्यात तेव्हा ऊस पण होता आणि कारखाने पण, हे नुसतं जाता जाता.

एवढं करूनही लोक ओरडायला लागले तर त्यांचं लक्ष दुसरीकडे न्यायचं. त्याच वर्षी हायकोर्टाने आयपीएलच्या मॅचेस एप्रिलनंतर राज्याबाहेर न्यायला सांगितल्या, पिच राज्याबाहेर गेलं, पाण्याची चर्चा टीव्हीवर आठवडाभर जोरात झाली. होळीला कोरडी होळी, रंगपंचमीला टिळा, आणि वर्षभर दात घासताना नळ बंद ठेवा. मी ठेवतो. खरंच ठेवतो, बायको पोरांना दटावते, आंघोळीला एक बादली, गाडी ओल्या फडक्याने पुसायची. ब्रशच्या वेळी वाचलेलं पाणी नेमकं कुठे जातं ते माहीत नाही पण समाधान वाटतं.

मोजणीबद्दल शेवटचं सांगतो कारण मोजल्याशिवाय नियोजन नाही असं सगळेच म्हणतात. आमच्या सोसायटीत मोजायला एक बांबूची काठी आहे, तिच्यावर वॉचमनने स्केचपेनने खुणा केल्यात, टँकर यायच्या आधी टाकीत एकदा बुडवायची आणि गेल्यावर एकदा. मागच्या महिन्यात मी स्वतः मोजलं तर वीतभर कमी भरलं. ड्रायव्हरला म्हटलं, अरे हे दहा हजार नाहीये. तो म्हणाला, काका, गाडी उतारावर उभी आहे ना, पाणी मागे सरकतं. मी थोडा वेळ विचार केला की ते सरकलेलं पाणी शेवटी पाइपातून टाकीतच यायला पाहिजे, पण तोपर्यंत त्याने व्हाउचरवर माझी सही घेतली होती.

तर तुम्ही बसा सुनावण्या घेत, हरकती वाचत, तीन वर्षांचा तक्ता करत, माझ्या शुभेच्छा आहेत. आमच्याकडचा दर काल रात्री साडेदहाला बदलला. टँकरवाल्याचा सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज, 'उद्यापासून 1700, बोअर आटले'. पस्तीस फ्लॅट आहेत. हरकत एकाचीही नाही, अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि बी विंगच्या काकूंनी विचारलं, सकाळी सातच्या आत येईल ना?