खुलासा : मऊ सँडल म्हणजे चालायला चांगली, असं नाही

‘अंगठ्याने दाबल्यावर सोल खोल दबला की सँडल चालायला उत्तम’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे. दुकानात दोन मिनिटं गादीसारखा वाटणारा सोल लांबच्या चालीत पार चेपतो, पाऊल डुगडुगतं आणि पोटऱ्या भरून येतात. त्यापेक्षा सँडल हातात धरून वाकवून पाहा. बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल दुमडतं, तिथेच ती वाकली पाहिजे. मधोमध घडी पडली तर सरळ परत ठेवा. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर बोटं आवळून सँडल धरून ठेवावी लागते. आणि ‘आत्ता चावते, पण सैल होईल’ यावरही विसंबू नका (हे मी स्वतः भोगलंय). चामडं थोडंफार सैलावतं, नायलॉनचा पट्टा नाही. मापाला शक्यतो संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात.