कॅमेरा लावला आणि पोरं खेळली? मुळीच नाही

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर एक जुनी कृष्णधवल क्लिप आली. कोठारात पोरांनी नाटक लावलंय, चक्क रोमिओ आणि ज्युलिएट. क्लिपच्या डोक्यावर फॉरवर्डचे दोन बाण, खाली मजकूर: ‘१९३६ सालचे अमेरिकन बालकलाकार! स्क्रिप्ट नाही, दिग्दर्शक नाही, फक्त कॅमेरा लावला आणि मुलं खेळली. काळा-गोरा भेद कुठेच नाही. पुढे बिल कॉस्बी यांना यात काळ्यांची थट्टा दिसली, म्हणून त्यांनी सगळे हक्क विकत घेऊन या फिल्म कायमच्या बंद केल्या. आणि यातलं एकही मूल सुखाने जगलं नाही. शापित मालिका!!’ शेवटी तीन नमस्कार. (बिल कॉस्बी म्हणजे अमेरिकेतले प्रसिद्ध काळे विनोदी नट.)

भेद कुठेच नाही, आणि तरी काळ्यांची थट्टा दिसली. दोन वाक्यं शेजारीशेजारी बसून भांडतायत, पण पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काय!

क्लिप ‘पे ॲज यू एग्झिट’ या छोट्या विनोदी चित्रपटाची आहे. निर्माते हॅल रोच यांनी १९२२ मध्ये ‘अवर गँग’ ही मालिका सुरू केली आणि १९४४ पर्यंत तिचे २२० लघुपट निघाले. ‘लिटल रास्कल्स’ हे नाव नंतर जुने भाग पुन्हा बाजारात आणताना चिकटवलं. या भागात गल्लीतली पोरं आधी पैसे द्यायला तयार नाहीत, म्हणून नाटक आधी बघा, पैसे जाताना द्या अशी योजना निघते. रोमिओ म्हणजे अल्फाल्फा, डोक्यावर केसांचा झुपका उभा. स्वारी कांदे खाऊन आलीय. ज्युलिएट झालेली डार्ला त्या वासाने नाटक सोडून जाते.

आता ‘दिग्दर्शक नाही’. दिग्दर्शक होते, गॉर्डन डग्लस. त्यांनीच त्याच वर्षी केलेल्या ‘बोअर्ड ऑफ एज्युकेशन’ या भागाला ऑस्कर मिळालं. फॉरवर्डमध्ये कणभर खरं आहे ते मूकपटांच्या काळापुरतं. तेव्हाचे दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन मुलांच्या हातात कागद देत नसत. निम्म्यांना वाचताच येत नसावं. प्रसंग सांगायचा, कॅमेरा सुरू करायचा आणि कर्ण्यातून ओरडत राहायचं: आता दचक, आता पळ. १९२९ मध्ये मालिका बोलू लागली आणि कर्ण्याची सोय संपली, कारण ओरडलेलं सगळं ध्वनिमुद्रित होणार. मग मुलांना संवाद पाठ करणं आलं.

पण कागदपत्र राहू द्या, क्लिपच नीट बघा. मी सोसायटीच्या गणपतीत आठ वर्षं मुलांची नाटकं बसवलीत. खरोखर घोटाळा झाला की मूल काय करतं ते मला माहीत आहे. एका वर्षी आमच्या अफझलखानाची मिशी सुटली. त्याने ती शांतपणे काढून खिशात ठेवली आणि मग पुढचं वाक्य विसरून आईकडे बघत उभा राहिला. पहिले दोन सेकंद लोक हसले, नंतर सगळ्यांना कसंतरी झालं. खरी फजिती अशी असते: लांबते, ओशाळते, तिला शेवट नसतो. क्लिपमधली फजिती नेमक्या ठोक्यावर येते आणि संपते. शिवाय कॅमेऱ्याची जागा बदलते. एकदा सगळे दिसतात, मग एकाचाच चेहरा, मग समोरचे प्रेक्षक. प्रत्येक जागेसाठी तोच घोळ पुन्हा, तितक्याच भाबडेपणाने घालायचा. चांगला नट वाईट नटाचं काम करतो तेव्हा आपण वाहवा करतो. इथे पाच ते नऊ वर्षांची पोरं वाईट नट झालीयत आणि आपण म्हणतो, खेळली!

या ‘खेळली’ शब्दाचाच मला राग आहे. स्टुडिओत फर्न कार्टर नावाच्या बाई मुलांची शाळा घेत. शाळा स्टुडिओत आणावी लागते, कारण मुलं कामावर असतात. नाटकी आयांचा जाच तर मालिकेनेच दाखवलाय. १९३५ च्या ‘बिगिनर्स लक’ या भागात मालिकेतल्या स्पँकी या मुलाला त्याची आई बळेच रंगमंचावर ढकलते आणि मित्र त्याचा कार्यक्रम पाडायला येतात. लिहिणाऱ्यांना अशा आया शोधायला फार लांब जावं लागलं नसेल.

पैशांचं सांगायचं तर १९५५ पासून हे लघुपट अमेरिकी दूरदर्शनवर पुन्हा पुन्हा लागले, मुलांना त्यातला एक सेंटही मिळाला नाही. बालनटांच्या कमाईतला काही भाग राखून ठेवायचा कॅलिफोर्नियाचा कायदा आला १९३९ मध्ये, तोही जॅकी कूगन या दुसऱ्याच बालनटाने आपली कमाई उडवल्याबद्दल स्वतःच्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावल्यावर. हॅल रोच यांनी त्याच्या आदल्या वर्षीच ही मालिका एमजीएम या बड्या स्टुडिओला विकली होती.

काळा-गोरा भेद. इथे फॉरवर्डला सरळ खोटं म्हणता येत नाही. वेगळ्या शाळा, वेगळे नळ असलेल्या त्या देशात ही मुलं पडद्यावर एका बाकावर बसली, एकत्र पळाली, एकत्र फसली. मालिकेचा पहिला काळा मुलगा अर्नी मॉरिसन हा हॉलिवूडमध्ये दीर्घ मुदतीचा करार मिळालेला पहिला काळा कलाकार मानला जातो. हे थोडं नाही. पण आता मालिकेतलं बकव्हीट हे पात्र बघा. हे काम करणारा बिली थॉमस मुलगा होता, तरी सुरुवातीला बकव्हीट मुलगी होती: रिबिनी बांधलेल्या वेण्या, ढगळ स्वेटर, मोठाले बूट. काळ्या मुलांचं हे ठरीव सोंग तिकडच्या रंगभूमीवर जुनंच. पुढे संवादांत बकव्हीट ‘तो’ झाला, पण कपडे तेच. ते बदलले थेट ‘पे ॲज यू एग्झिट’मध्ये. म्हणजे ज्या भागात त्याला एकदाचे मुलाचे कपडे मिळाले, त्याच भागात डार्ला रुसल्यावर त्याला ज्युलिएट करून उभं केलं. मीही हसलो. बालगंधर्वांना स्त्रीवेषात डोक्यावर घेणाऱ्या आपल्या लोकांना नुसत्या वेषाचं एवढं हसू आलं नसतं, पण इथे विनोद वेषापाशी थांबत नाही, ज्युलिएट काळी आहे यावरही हशा आहे. आणि त्याच वर्षी याच मुलाला ‘जनरल स्पँकी’ या पूर्ण लांबीच्या चित्रपटात मालक शोधत फिरणारा गुलाम केलं. दूरदर्शनच्या हक्कदारांनी १९७१ मध्ये मालिकेतल्या अनेक भागांना कात्री लावली, काही भाग वगळलेच. उगाच नाही.

कॉस्बींचा मुद्दा लवकर संपतो. त्यांनी हे हक्क कधीच घेतले नाहीत. दूरदर्शनचे हक्क किंग वर्ल्ड या कंपनीकडे होते, आणि ‘कायमच्या बंद’ झालेल्या फिल्मपैकी रोच यांच्या काळातल्या ८० बोलपटांचा संच २००८ मध्ये डीव्हीडीवर सरळ विकायला आला.

उरला शाप. अल्फाल्फा झालेला कार्ल स्विट्झर १९५९ मध्ये ३१ व्या वर्षी पैशांच्या भांडणात गोळी लागून मेला. व्हीझर म्हणून ओळखला जाणारा बॉबी हचिन्स १९४५ मध्ये लष्करी विमानाच्या प्रशिक्षणात अपघात होऊन मेला, तेव्हा महायुद्ध चालू होतं. हे वाईटच. पण मालिका २२ वर्षं चालली आणि नेहमी दिसणाऱ्या मुलांची संख्याच चाळीसच्या आसपास होती. शापाच्या यादीत यातलाच जॅकी कूपर नसतो, तो ८८ वर्षं जगला. डिकी मूर ८९ वर्षं, जीन डार्लिंग ९३. गुबगुबीत पोर्की पुढे शिक्षक झाला, चष्मेवाला वाल्डो धर्मोपदेशक. शिक्षकाचं आयुष्य फॉरवर्ड होत नाही.

दुःखी शेवटाची ही हाव फक्त व्हॉट्सॲपची नाही. १९९० मध्ये एबीसी वाहिनीच्या ‘२०/२०’ या नावाजलेल्या कार्यक्रमाने ॲरिझोनात किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणारा एक माणूस ‘हाच तो बकव्हीट’ म्हणून दाखवला. कोणी पडताळलं नाही. खरा बिली थॉमस सैन्यात जाऊन आला, नंतर टेक्निकलर या रंगीत फिल्मवाल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत फिल्मवरच काम करत राहिला, आणि १९८० मध्येच वारला होता. हे वाहिनीला कळलं, कारण कार्यक्रम झाल्यावर स्पँकी झालेल्या नटानेच बोंब मारली. खऱ्या बकव्हीटबरोबर त्याने आठ वर्षं काम केलं होतं.