पेढ्याच्या बॉक्समधली बटणं

आज संध्याकाळी राजवाड्याजवळ भेळ खात होतो. चारेक वर्षांच्या एका पोरानं दुसऱ्याचा फुगा ओढला, फुटला, ते दुसरं भोकाड पसरून रडायला लागलं. ह्याचा बाप काय म्हणाला? "गप चल, नायतर पोलिसाला देईन." संपला विषय! रडणाऱ्या पोराकडं बघ तरी म्हणायचं की. डोकंच फिरलं माझं.

दिवसभर आपण पोरांशी बोलतो काय, तर खा, बस, चप्पल घाल, गप. "त्याला काय वाटलं असेल रे?" कोण विचारतं?

आमच्याकडं कंदी पेढ्यांचा एक जुना बॉक्स आहे, आईनं त्यात सुईदोरा नि बटणं ठेवलीत (तुमच्याकडं पण असणार). लेक साडेतीन वर्षांची असताना तिनं तो आशेनं उघडला, तोंड पडलं. मी गमतीत विचारलं, आत्यानं नुसता बाहेरनं बघितला तर तिला काय वाटेल, आत काय आहे? "बटणं!" एकदम ठाम. मी हसलो, म्हटलं येडी आहे. नंतर वाचलं की 1987 साली योसेफ पेर्नर वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी चॉकलेटगोळ्यांच्या डब्यात पेन्सिल ठेवून हेच विचारलेलं, तीन वर्षांची बरीच पोरं हेच म्हणतात, चार-पाचला उमगतं की ज्यानं आत बघितलंच नाही त्याला गोळ्याच वाटणार.

वय लागतंच, मान्य. पण ज्या बहिऱ्या मुलांच्या घरी कुणालाच खुणांची भाषा येत नाही त्यांना हे उशिरा उमगतं, आणि आईबाप पहिल्यापासून खुणांनी बोलत असतील तर तेवढा उशीर होत नाही. मग घरातलं बोलणं लागतंच की नाही? आणि आपल्याकडं शब्द किती सोपा, "वाटलं". भीती वाटली, वाईट वाटलं, मला वाटलं तू आलास, सगळं त्यातच. तेवढा पण खर्च होत नाही आपल्याच्यानं?

आई मात्र दिवसभर टकळी लावते, "मांजरीला वाटलं दूध तिचंच आहे", "बाबाला माहीत नव्हतं तू झोपलीयस, म्हणून मोठ्यानं बोलला." मी वैतागायचो तिच्यावर.

तो बाप पण दमून आला असेल, जाऊ दे. मी तरी कुठला शहाणा, परवाच लेकीवर खेकसलो, "कळत नाही का बाबाची मीटिंग आहे!" आता तिला कसं कळणार, मी सांगितलं होतं कुठं.

हां, बॉक्सचं राहिलंच. गेल्या रविवारी आत्या आली, तिनं बॉक्स उघडला आणि लेक दाराआडनं फिदीफिदी, "आत्याला वाटलं पेढे!" आईनं लगेच विचारलं, "मग आता कसं वाटत असेल गं तिला?" लेक जरा थांबली, आत गेली आणि फ्रीजमधला पेढा घेऊन आली. अर्धा खाल्लेला होता.