'विषमुक्त' हा शब्द मागे घेते, बाकीचं बोलू

नमस्कार दादा,

परसातल्या भाज्या आणि पेरूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते वाचून आधी रागच आला. मग टोमॅटोचा हिशेब मांडायला वही काढली आणि राग ओसरला. उत्तराला आठ दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे दादा जुन्नर भागात अडीच एकर टोमॅटो करतात. त्यांचं म्हणणं असं, की 'विषमुक्त भाजी' हे शहरी लोकांचे चोचले आहेत, माझा टोमॅटो किलोला कितीला पडला ते मी लपवलंय, नत्र शेणातून आलं की युरियातून हे झाडाला कळत नाही, शेण-गोमूत्राचं जीवामृत शिंपडून अळी मरत नाही, आणि श्रीलंकेचं काय झालं ते बघा. शेवटी एक वाक्य आहे: "तुमच्यासारख्यांमुळे लोकांना वाटतं, शेतकरी विष विकतो."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. माझं माहेर शेतीतलं. आमच्याकडे फवारणीला कधी कुणी विष म्हटलं नाही, 'औषध मारायचंय' असंच म्हणायचे. तुमच्याकडेही तेच म्हणत असणार. मग सातारला येऊन, मागच्या पाऊण गुंठ्यात चार वांगी लावून मी त्याच औषधाला विष म्हणायला लागले, आणि तेही मथळ्यात. शब्द आकर्षक होता, वापरला. मागे घेते. लेखाचा मथळाही बदलला आहे.

आता टोमॅटो. बारा पिशव्या, कोकोपीटच्या दोन विटा, पंचवीस किलो गांडूळखत, रोपं, बांबू, सुतळी, निंबोळी तेल मिळून झाले 2200 रुपये. टोमॅटो निघाले सगळे मिळून आठ किलो, कारण चार झाडांची पानं आकसून गोळा झाली आणि ती उपटावीच लागली. म्हणजे किलोला 275 रुपये, माझे कष्ट फुकट धरून. पिशव्या अजून दोन वर्षं टिकतील, तेव्हा पुढचा हिशेब जरा बरा येईल, पण बाजाराच्या जवळपासही जाणार नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला होता, तेव्हासुद्धा माझा महागच ठरला असता. आणि दोन महिन्यांत तोच टोमॅटो कवडीमोल झाला तेव्हा तुमच्या बाजूला काय झालं असेल, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

पण दादा, परसाचा हिशेब टोमॅटोवर लावणं ही चूक तुमची नव्हे, माझीच. लेखात फोटो टोमॅटोचे टाकले, कारण लाल रंग छान येतो. खरं उत्पन्न कढीपत्ता, अळू, गवती चहा, शेवगा, लिंबू या बिनकौतुकाच्या मंडळींचं आहे. कढीपत्त्याला गेल्या सहा वर्षांत मी पाण्याशिवाय काही दिलेलं नाही. शेवग्याला तर पाणीही आठवण झाली तर. मोरीचं पाणी अळवाकडे जातं आणि अळू थांबायचं नाव घेत नाही. नव्याने सुरू करणारा टोमॅटो आणि ढोबळी मिरचीनेच सुरू करतो, हरतो आणि कुंड्या शेजारच्यांना देऊन टाकतो. मी लेखात हे लिहायला हवं होतं.

नत्राबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. मुळं जे शोषतात ते शेवटी तेच. उलट तुमच्या बाजूचा आकडा मीच देते: युरियात 46 टक्के नत्र, चांगल्या कुजलेल्या शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. 45 किलोच्या एका गोणीतलं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टनांच्या आसपास खत लागेल. अडीच एकराला ते आणणार कुठून? गोठ्यात जनावरंच उरलेली नाहीत. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती उठवावी लागली, भाताचं उत्पादन कोसळलं. त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

इथे एक कबुलीही देऊन टाकते. रसवंतीवाल्याकडून एकदा चार पोती चिपाडं आणली. वाटलं, फुकटचा सेंद्रिय माल. बारीक करून मेथीच्या वाफ्यात मिसळली. दहा दिवसांत मेथी पिवळी पडली, अशी पिवळी की पिकलेल्या लिंबाने लाजावं. चिपाडात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. ती कुजवणारे जीवाणू आधी मातीतलं नत्र स्वतः खातात, मेथीला काय उरणार? उरलेल्या चिपाडांच्या ढिगावर मी शेवटी मूठभर युरिया पाण्यात विरघळवून ओतला. ढीग तापला, कुजला, पावसाळ्यानंतर काळंभोर खत निघालं. म्हणजे कागदोपत्री माझी बाग सेंद्रिय राहिली नाही. प्रमाणपत्र कुणी मागितलेलं नाही, त्यामुळे चाललं. आता ढिगाला शेणकाला देते, पण तेव्हा दिला तो युरियाच.

मग शेणखत आणि पालापाचोळ्याचा अट्टहास कशाला? झाडापेक्षा मातीसाठी. घर बांधताना मागे ठेकेदाराने मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे टाकून वर दोन बोटं लाल माती पसरली होती. 2018 साली पेरूसाठी खड्डा घेताना पहार दगडावर मारल्यासारखी वाजत होती. पाणी घातलं की वरच्यावर वाहून कुंपणाखाली जायचं. तेव्हापासून गल्लीतला सगळा पाचोळा, पाचट, स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच जिरतो. आज खुरपं मुठीपर्यंत जातं, ढेकूळ फोडलं तर गांडूळ निघतं आणि मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं तरी झाडं मान टाकत नाहीत. हे काम युरियाने झालं नसतं, आणि हे तुम्हीही मान्य कराल.

जीवामृताचं तुमचं बोलणं निम्मं पटलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसनाचा तो काला मातीला घालायचा, ते कीटकनाशक नव्हे. मी "अळी पळते" असं लिहिलं ते ऐकीव होतं. निंबोळी अर्क लहान अळीवर चालतो, संध्याकाळी मारला तर. बोटाएवढी झाल्यावर ती अर्क पिऊनही ढेकर देते. लिंबावरच्या अळीचंही तेच. पहिल्यांदा वाटतं पानावर पक्ष्याची शीट पडली आहे. दोन-तीन दिवसांनी बघावं तर तीच शीट पान खात बसलेली असते. मोठी होऊन हिरवी झाली की बोट लावताच डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. एका झाडावर आठ-दहा असतात, हाताने वेचते. तुमच्या अडीच एकरात कुणी हाताने अळ्या वेचायला सांगितल्या तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.

खरी गोष्ट पेरूवर शिकले. झाड सरदार जातीचं, म्हणजे लखनौ 49. नाव लखनौचं असलं तरी ही निवड आपल्या पुण्यात, गणेशखिंडीत झालेली. पहिल्या वर्षी ऑगस्टात साठेक फळं धरली. बाहेरून देखणी. नातवाला पहिली फोड कापून दिली तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. फळमाशी सालीखाली अंडी घालून मोकळी झालेली, वर टाचणीच्या टोकाएवढी खूण फक्त. पोराने दोन वर्षं पेरू खाल्ला नाही.

तेव्हापासून पावसाळ्यात फळं देणारा बहार मी धरतच नाही. तशीही ती फळं पाणचट. एप्रिल-मे मध्ये झाडाला ताण देते, पाणी पूर्ण बंद. पानं गळतात, येणारेजाणारे "झाड गेलं का?" विचारतात. जूनला हलकी छाटणी, खत, आणि मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची फुलं, धरला की फळं थंडीत येतात. फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगते. त्यात नर अडकतात, माद्या नाहीत, म्हणून लिंबाएवढ्या फळांना कागदी पिशव्याही बांधते. खाली पडलेलं प्रत्येक फळ उचलून पिशवीत बांधून उन्हात टाकते, कारण माशीचा कोष मातीतच होतो. एवढं करूनही दहातलं एखादं फळ किडकंच निघतं.

आणि ते फळ मी फेकू शकते. तुमच्या-माझ्यात फरक आहे तो एवढाच. माझे साठ पेरू गेले तर नातू रुसतो. तुमचा तोडा गेला तर सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता थकतो. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते छापलेलं असतं. पण टोमॅटोचा तोडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारच, आणि भाव आज आहे, आठ दिवसांनी असेलच असं नाही. तुम्ही कसं जमवता हे मला खरंच माहीत करून घ्यायचंय. मी थांबू शकते म्हणून मी औषधाशिवाय भागवते, माझ्या अंगी काही जास्तीचं पुण्य आहे म्हणून नव्हे. लेखात तसा सूर लागला असेल तर तो चुकला.

"हौस आहे, शेती म्हणू नका" हे तुमचं वाक्यही मान्य. मात्र हौसेलाही हिशेब हवा, म्हणून यंदापासून वहीत किलो आणि रुपये दोन्ही लिहिते आहे. दर तीन महिन्यांनी इथे टाकेन, टोमॅटोसकट.

जाता जाता एक विचारायचं होतं. राहिलेल्या आठ झाडांपैकी तिघांच्या टोमॅटोला बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडत होता, बाकी फळ ठणठणीत. पाण्यात खंड पडला की झाडाला कॅल्शियम पोचत नाही, हे मला माहीत आहे. पाणी रोज सारखं द्यायला लागले तर डाग कमी झाले, पण गेले नाहीत. तुम्ही अशा वेळी काय करता? कॅल्शियम नायट्रेटसारखं रासायनिक खत म्हणालात तरी ऐकून घेईन.