गोळ्या मोजल्या, जंत कोण मोजणार?

आज जंतनिर्मूलनाच्या बैठकीत एक साहेब हसत म्हणाले, "जंतांच्या गोळ्या वाटून झाल्या ना? मग आता लोकांची शी कशाला तपासत बसायची?" सगळे खो-खो हसले. मी तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय.

अहो, गोळी गिळली म्हणजे जंत गेले असं थोडंच असतं! जंत तीन प्रकारचे: गोलकृमी, हुकवर्म, व्हिपवर्म. अल्बेंडाझोलचा, म्हणजे या गोळीतल्या औषधाचा, एक डोस गोलकृमीवर उत्तम, हुकवर्मवर बरा, व्हिपवर्मपुढे मात्र बहुतेक वेळा हात टेकतो. आणि माती तीच. गोलकृमीची अंडी तिच्यात वर्षानुवर्षं टिकतात, तिथूनच पुन्हा पोटात जातात.

तपासणीसाठी शीचे नमुने गोळा करताना भेटलेल्या एक आजी डोक्यातून जात नाहीत. नमुन्याची डबी हातात धरून म्हणाल्या, "गोळी शाळेतल्या नातवाला, आणि डबी मला होय गं?" काय चुकीचं बोलल्या? हुकवर्म मोठ्या माणसांतच जास्त सापडतो. अनवाणी तळव्यातून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. वाटप शाळेपुरतंच ठेवलं तर मोठ्यांच्या पोटातला साठा कोण काढणार? सगळ्या गावाला गोळी दिली तर संसर्गाची साखळी तुटते का, हे बघायला भारत, बेनिन आणि मलावीत 'डीवर्म३' हा अभ्यास झाला. तोही शी तपासूनच झाला, साहेब!

मान्य, एकेकाला तपासून गोळी देणं परवडत नाही. तपासणी गोळीपेक्षा महाग पडते. सरसकट वाटा, माझी ना नाही. पण थोड्यांची तरी नीट तपासा!

शी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची, ही काटो-काट्झ पद्धत. तिच्या स्लाइडवर नमुना मावतो जेमतेम ४१.७ मिलिग्रॅम. दिसलेल्या अंड्यांना २४ ने गुणलं की ग्रॅममागचा आकडा मिळतो. हुकवर्मची अंडी तर नमुना पारदर्शक करणाऱ्या ग्लिसरीनमुळे तासाभरात दिसेनाशी होतात. गाडी अडकली, स्लाइड वाचायला उशीर झाला, की अहवालात शून्य! त्यात गोळ्यांमुळे जंत कमी झाले की अंडी आणखीच विरळ. म्हणजे पीसीआरसारखी, जंतांचा डीएनए शोधणारी बारीक तपासणी हवी नेमकी तेव्हाच, आणि तेव्हाच म्हणे पैसे नाहीत. मेंढ्यांच्या जंतांवर अल्बेंडाझोलच्याच जातीची औषधं कितीतरी ठिकाणी चालेनाशी झालीत. माणसांत तसं सुरू झालं तर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरून कळणार आहे का?

त्या आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी डबी आणून दिली, पिशवीत पिशवी घालून. "माझं काय निघालं ते सांगायला येशील ना?" असं विचारलं. अभ्यासाच्या कागदात तसा रकानाच नव्हता. तरी गेले, सांगून आले, गोळीही मिळवून दिली.

असो. डब्या गोळा करणाऱ्या आमच्या मुलींना गावात काय काय नावं ठेवतात, ते त्या बैठकीत कोणाला ठाऊक नाही. त्यांचं मानधन पुन्हा रखडलंय. आधी ते द्या, विनोद मग करा.